वरच्या खांबाचा निरोप

दोघा भावांचं बोलणं बंद झालं त्याला कारण काय, तर वजनकाटा. बाप गेल्यावर जमीन वाटली, कोरडी पडलेली विहीरसुद्धा वाटली, गोठ्याचे पत्रे अर्धे अर्धे उचलले, आणि कुणाच्या मनात काही वाकडं आलं नाही. शेवटी राहिला एक लोखंडी काटा, तोही एका अंगाला झुकणारा. त्याच्यावरून थोरला म्हणाला, "माझा." धाकटा म्हणाला, "तुझा कसा?" आणि जी तोंडं फिरली ती फिरलीच. काटा पडवीत दोन्ही दारांच्या मधोमध गंजत पडला. त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

पण एकाच घराच्या दोन अर्ध्यांत राहायचं, एकच अंगण झाडायचं, एकच आई सांभाळायची, म्हणजे बोलल्यावाचून कसं भागणार? ते भागायचं थोरलीवर. थोरली म्हणजे थोरल्याची बायको. "त्याला म्हणावं, बांधावरची काटेरी झुडपं त्याची आहेत." थोरली जाऊन सांगायची. "वहिनी, दादाला सांगा, झुडपं दोघांची आहेत." थोरली परत यायची. सासूला धाकट्याला काही सुनवायचं असलं तरी ती थोरलीलाच सुनवायची. धाकट्याच्या बायकोला नवऱ्याशी भांडून रडायचं झालं तर तीही थोरलीच्याच स्वयंपाकघरात येऊन बसायची. संध्याकाळी थोरलीच्या पोटऱ्या भरून यायच्या. "तू आहेस म्हणून घर चाललंय हो," असं सगळे म्हणायचे. म्हणायला कुणाचं काय जातं?

शेतावर पाणी यायचं ते तळ्यावरच्या पंपघरातून. सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली पाणीसंस्था होती. प्रत्येक शेतात एक लोखंडी खांब, खांबावर राखाडी डबा, डब्याच्या डोक्यावर ताटाएवढं सोलर, आणि खाली मातीत ठोकलेली एक खुंटी. माती वाळली की खुंटी डब्याला सांगणार. डबा शेजारच्या शेतातल्या डब्याला सांगणार, तो त्याच्या शेजारच्याला, असं करत करत निरोप तळ्यावर. मग तळ्यावरून त्याच वाटेनं हुकूम परत यायचा आणि शेतातला व्हॉल्व्ह उघडायचा. तार नाही, काही नाही. लोक डब्यांना चुगलखोर म्हणायचे. व्हॉल्व्ह मात्र पोलादी पिंजऱ्यात कुलूपबंद, कारण पूर्वी हातानं फिरवून पाणी पळवण्यात इथली माणसं फार हुशार होती. डबा बोलला तरच पाणी, नाहीतर पाळी पुढच्याकडे.

थोरल्याचं शेत चढावर, धाकट्याचं त्याच्या खाली, तळ्याच्या अंगाला. या हंगामात थोरल्यानं टोमॅटो लावला होता. लावला कसला, जीव लावला होता. गेल्या वर्षीचं पीक रोगानं गेलं, तेव्हा तो शहरात गोदामावर हमालीला गेला होता. थोरली एकटी शेत बघत राहिली. तो परत आला तो कंबर धरूनच. बॅग माळ्यावर फेकताना म्हणाला, "या वेळी पीक नाही आलं तर ही परत खाली काढायची." थोरली रोज झाडताना माळ्याकडे बघायची आणि मान खाली घालायची. ही कंबर घेऊन माणूस पोत्याखाली गेला तर उचलून आणावा लागेल, हे तिला दिसत होतं.

टोमॅटो फुलोऱ्याला आला तेव्हाची गोष्ट. नळाचा एक सांधा फुटला म्हणून नवरा-बायको पंपघरात गेली. तिथं चार जण चहा पीत बसले होते. पंपवाल्याला थट्टेची खोड. त्यानं समोरचा पडदा थोरल्याकडे वळवला. पडद्यावर सगळ्या शेतांचे ठिपके, आणि ठिपक्याठिपक्यांमधून रेषा.

"हा बघ, हा तू. आणि ही तुझी रेघ कुठून येते बघितलीस का? धाकट्याच्या डोक्यावरून!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय! तुझं पाणी तुझा भाऊ मागतो, तेव्हा तुला मिळतं. घरात बोलत नाहीस, पण शेतात त्याच्याच तोंडानं पाणी पितोस की रे!"

चौघं हसले. एकाचा चहा नाकात गेला. थोरल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं सांधा घेतला, सही केली आणि चढ चढला. थोरली मागून चालत होती. बांधापाशी तो थांबला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "यापुढे त्याच्या घरचा एक शब्द माझ्यापर्यंत आणायचा नाही. ऐकलंस?"

"अहो, पण..."

"एक शब्द नाही म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी त्यानं डबे बघणाऱ्या मुलीला बोलावलं. ही मुलगी संस्थेनं नेमलेली. मोटारसायकलवर शिडी बांधून सगळा डोंगर पालथा घालायची. लोक तिला बिनतारी म्हणायचे आणि तीही ओ द्यायची.

"माझा डबा थेट पंपघराशी बोलला पाहिजे," थोरला म्हणाला. "मध्ये कुणी नको."

"करता येतं, काका. आवाज वाढवायचा फक्त. पण तो बॅटरी खातो. दुप्पट लांब ओरडायचं म्हणजे दुप्पट नाही, चौपट जोर लागतो. आत्ता बाजूलाच सांगतो म्हणून तुमची बॅटरी ठणठणीत आहे."

"ऊन कमी आहे का इथं?"

"आज नाही कमी."

"मग कर."

बिनतारीनं थोरलीकडे बघितलं. थोरलीनं पदराचा काठ चोळला. नवरा चारचौघांत पाणउतारा करून घेऊन आलेला, त्याला आता कोण शहाणपण शिकवणार? मुलीनं खांबाखाली उभं राहून मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि जाताना म्हणाली, "दिवा हिरवा आहे तोवर बघायला नको. मिणमिणायला लागला की लगेच फोन करा हं. लगेच."

पहिले काही दिवस मोठे मजेत गेले. पाणी वेळेवर आलं. थोरला खांबापाशी उगाच दोनदा फेरी मारायचा. जेवताना त्यानं चक्क एक विनोद केला, आणि थोरली गरजेपेक्षा जास्त हसली. बरं वाटलं तिला. कित्येक दिवसांत तो असा बसला नव्हता.

मग धूळ आली.

पावसाचा पत्ता नाही, ढगही नाहीत, नुसती धूळ. पलीकडच्या उजाड माळांवरून वारा सुटला आणि आभाळ गढुळलं. सूर्य दिसायचा, पण जुन्या पितळी झाकणासारखा. उकाडा मात्र तसाच. कपड्यांत धूळ, अंथरुणात धूळ, दातांखाली धूळ. पानांवर बोट ओढलं तर रेघ उठायची, आणि सोलरवर तर साय धरल्यासारखा थर.

धूळ सुरू झाली त्या सकाळी थोरली अंगणातल्या नळाशी भांडी घासत होती. धाकटी कळशी घेऊन आली आणि खाली बसली.

"ताई, हे म्हणत होते, वरच्या खांबाचा दिवा मिणमिणतोय. बॅटरी बसतेय वाटतं. भाऊजींना सांगा म्हणाले."

थोरलीचा हात भांड्यात थांबला. एवढ्यात आतून सासू ओरडली, "अगं ए, थोरले, त्याला विचार माझ्या गुडघ्याचं तेल कुणी हलवलं!" त्या 'त्याला' म्हणजे कोणाला, हेही थोरलीनंच ओळखायचं. तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. एक शब्द आणायचा नाही म्हणालात ना? मग नाही आणत. माझंच काय अडलंय? नेलं तरी बोलणी मलाच, नाही नेलं तरी मलाच.

"बरं," ती म्हणाली, आणि भांडं इतकं घासलं की कल्हई निघावी.

सांगितलं नाही. दुपारी सांगू म्हणाली, दुपारी थोरला कंबर शेकत चिडून पडला होता. दुसऱ्या दिवशी ती एकटीच शेतात गेली, शिडी लावून खांबावर चढली, ओल्या फडक्यानं सोलर पुसून काढलं. दिवा विझलेला होता. आता सांगायचं म्हणजे काल का नाही सांगितलंस, हे आलंच. ती खाली उतरली आणि वाफ्यातलं गवत उपटत बसली. गवत नव्हतंच फारसं.

पाळीच्या दिवशी नळ्या कोरड्या राहिल्या. थोरला खांबाखाली उभा राहून वर बघत राहिला, मग तसाच पंपघरात गेला. पंपवाल्याला आता थट्टा सुचत नव्हती. धुळीनं त्याच्या पडद्यावरचे बरेच ठिपके विझले होते.

"तुझा डबा गप्प आहे. मागणीच नाही, तर मी पाणी सोडू कुठं? पाळी गेली पुढच्याकडे."

"अरे, झाडं फुलावर आहेत!"

"सगळ्यांचीच काही ना काहीवर आहेत, बाबा. तुझा डबा दुपारी जरा ऊन लागलं की तोंड उघडतो, एकदा बोंबलतो आणि माझा जबाब पोचायच्या आत आडवा होतो. त्याला मी काय करू?"

थोरल्यानं बिनतारीला फोन केला. ती डोंगराच्या पलीकडे अडकली होती, तिथं निम्मे खांब बंद. येते म्हणाली, पण कधी ते तिलाही सांगता येईना.

मग सुरू झालं पाणी वाहणं. सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे, तळ्यावर भरायचे आणि चढ चढायचा. सायकलवर बसायचं नाहीच, ढकलायची. थोरला पुढून ओढायचा, थोरली मागून रेटायची. वाटेत धाकट्याचं शेत. तिथं नळ्यांतून टप टप पाणी पडत असायचं, मातीचा ओला वास यायचा, आणि धाकटा पाठ करून काहीतरी करत असायचा. थोरला त्या बाजूला बघायचा नाही. थोरलीनं एकदा बघितलं, तर धाकटी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, उलट तिला काहीतरी विचारायचं होतं. थोरलीनं मान वळवली.

वर पोचलं की तांब्यानं एकेका झाडाच्या बुडाशी पाणी घालायचं. माती ते गटकन पिऊन टाकायची आणि वर पुन्हा कोरडी. एक ओळ संपेपर्यंत कॅन रिकामे. शेंड्याकडची फुलं पिवळी पडून देठापासून गळायला लागली होती. थोरल्याच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, त्यावर त्यानं चिंधी गुंडाळली. थोरली त्याच्या पाठीकडे बघत तांब्या ओतायची, आणि दर झाडाला तिला वाटायचं, आता सांगावं. आता सांगते. मग पुढचं झाड यायचं.

एका दुपारी चढावर त्याची कंबर धरली. सायकल सुटली, कॅन फुटला, सगळं पाणी वाटेच्या धुळीत गेलं. थोरला गुडघ्यांवर बसला आणि उठेचना. थोरलीनं त्याच्या काखेत हात घातला. त्याचं अंग तापलं होतं आणि तो लहान मुलासारखा ओठ आवळून होता.

"बॅग काढून ठेव माळ्यावरची," तो म्हणाला.

"या कमरेनं?"

"मग काय खायचं?"

तिला रडू आलं, पण रडायला पाणी तरी हवं अंगात.

एवढ्यात खालून मोटारसायकलचा आवाज आला. बिनतारी. डोळे सोडले तर सगळी मातीच झाली होती. तिनं थोरल्याला उठवायला हात दिला, शेतापर्यंत आली, खांबावर चढली, डबा उघडला आणि वरूनच म्हणाली, "काका, बॅटरी पार झोपलीय. मी याला परत बाजूच्या डब्याशी जोडते, म्हणजे थोडक्यात भागेल. पण जोडायला तरी आत जीव पाहिजे ना?"

"दुसरी घाल."

"माझ्याकडच्या सगळ्या संपल्या. तुमच्या धाकट्या भावांकडे एक जास्तीची आहे. वरच्या सगळ्या शेतांचा भार त्यांच्या डब्यावरून जातो, म्हणून मीच देऊन ठेवलीय. एक दिवस घेतली तर चालेल त्यांना. मी पलीकडचा खांब बघून येते, तोवर आणून ठेवा."

ती गेली. थोरला दगडावर बसून होता. त्यानं हातावरच्या चिंधीची गाठ सोडली आणि परत बांधली.

"जा," तो शेवटी थोरलीला म्हणाला. "सांग त्याला, बॅटरी दे म्हणून."

थोरली जागची हलली नाही.

"अगं, ऐकू येतंय का? जा ना!"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मी नाही जाणार. तुमची झाडं, तुमचा भाऊ, तुमचं तुम्ही सांगा. माझ्या तोंडाला फेस आला तुमचे शब्द वाहून वाहून."

थोरल्यानं तिच्याकडे असं बघितलं की जणू शेतातला खांबच बोलला. मग तो उठला. कमरेवर हात दाबून बांधावर गेला आणि खाली बघून ओरडला, "ए!"

धाकट्यानं मान वर केली नाही. वारा उलटा होता.

"ए! बॅटरी!"

वाऱ्यानं तेही उडवून नेलं, की धाकट्यानं उडवलं, देव जाणे. थोरल्याला खोकल्याची उबळ आली. ओरडून ओरडून घसा बसला, तेव्हा तो मुकाट बांध उतरला, एक एक पाऊल जपून टाकत, आणि भावाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. थोरली मागोमाग उतरली. वाफ्याच्या कडेला सासू तोंडाला फडकं बांधून शेंगा निवडत होती, धाकटी नळी गुंडाळत होती. दोघींचे हात थांबले.

"बॅटरी पाहिजे," थोरला हळू म्हणाला.

"कुणाला म्हणतोस?"

"तुलाच. आणखी कोण आहे इथं?"

"इतके दिवस दिसलं नाही होय, इथं कोण आहे ते?" धाकट्याचा आवाज चढला. "पहिल्याच दिवशी निरोप पाठवला होता मी. दिवा मिणमिणतोय, बॅटरी बसतेय. तेव्हा बघितलं असतंस तर ही वेळ आली नसती. पण तुला माझा शब्द म्हणजे विटाळ!"

"मला कुणी काही सांगितलं नाही."

धाकटा गर्रकन बायकोकडे वळला. "तू सांगितलं नव्हतंस?"

धाकटीचा चेहरा उतरला. नळी हातातून सुटली. "मी... मी सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि थोरलीकडे बघायला लागली. 'पण ताईंना,' असं तिनं म्हटलं नाही. ते तिनं गिळलं.

थोरलीला कळलं, आपण नुसतं गप्प राहिलो तरी निभावेल. आज रात्री पलीकडच्या अर्ध्यात आरडाओरडा होईल, ही पोर पुन्हा आपल्याच स्वयंपाकघरात येऊन रडेल, आणि आपण तिचे डोळे पुसू. त्या विचारानं तिला शिसारी आली.

"तिनं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला. मीच पुढं नाही सांगितलं."

"तू?" थोरला तिच्याकडे वळला. "आणि माझ्याबरोबर पाणी वाहत होतीस?"

"वाहत होते. प्रत्येक झाडापाशी सांगावंसं वाटत होतं. तुम्ही म्हणाला होतात, त्याच्या घरचा एक शब्द आणायचा नाही. नाही आणला. रागानं नाही आणला. चुकलं माझं. झाडं वाळलेली बघून माझं काळीज तुटत होतं. पण माझं एकटीचं नाही चुकलं." तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "आजपासून मी कुणाचं काही कुणाला सांगणार नाही. आई, तुमचं गुडघ्याचं तेलसुद्धा नाही."

नळ्यांतून पाणी टपकत होतं, तेवढाच आवाज.

"मग बोला की आता मेल्यांनो," सासू फडक्याआडून म्हणाली. "समोरासमोर तर आलात. की जिभा पण वाटून घेतल्यात?"

धाकटा पाय आपटत शेतातल्या झोपडीत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बॅटरी होती. थोरल्यानं हात पुढे केला. तळहातावरची चिंधी आणि तिच्यावरचा रक्ताचा डाग धाकट्याला दिसला.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझ्यानं चढवणार आहे का बांधावर? चल पुढं."

बिनतारी आली तेव्हा धाकट्यानं शिडी धरली होती. तिनं बॅटरी बसवली, मोबाइलवर बोटं चालवली. "काका, तुमचा निरोप आता परत यांच्या डब्यावरून जाणार. चालेल ना?"

"जाऊ दे," थोरला म्हणाला. मग भावाकडे बघून म्हणाला, "याच्या डब्याला झेपेल का पण?"

"न झेपायला काय झालं? पण सोलर पुसायला तू यायचं. रोज."

दिवा हिरवा झाला. संस्थेनं चुकलेली पाळी संध्याकाळी दिली. पिंजऱ्यातल्या व्हॉल्व्हनं खट्ट आवाज केला, नळ्या फुगल्या, पहिल्यांदा नुसती हवा फुसफुसली आणि मग पाणी आलं. थोरला वाफ्यात बसून ओली माती चिमटीत धरून बघत राहिला. शेंड्याची फुलं गेलीच. खालच्या घोसांनी मात्र तग धरला.

पीक भरघोस आलं असं नाही. पण आलं. बॅग माळ्यावर राहिली आणि तिच्यात उंदरांनी घर केलं, तेही थोरलीनं करू दिलं.

पहिल्या तोडणीच्या दिवशी टोमॅटोचे क्रेट अंगणात आले आणि वजनासाठी पडवीतला गंजका काटाही बाहेर निघाला. थोरली पडवीच्या आत भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. तेवढ्यात धाकटी धावत आली.

"ताई, उठा, उठा! काट्यावरून जुंपलीय! हे म्हणतात काटा डावीकडे झुकतो, भाऊजी म्हणतात उजवीकडे. हातघाईवर येतील हो!"

थोरलीनं कान दिला. अंगणात दोघांचेही आवाज टिपेला पोचले होते.

"एकमेकांशीच बोलतायत ना?"

"बोलतायत कसले, ओरडतायत!"

"एकमेकांच्या तोंडावर?"

"हो!"

"मग बस इथं," थोरली म्हणाली, आणि तिनं धाकटीला बसायला जागा करून दिली.